भामाबाईच्या देव्हाऱ्यातला बिल्ला

भामाबाईशी माझी ओळख भांडणानं झाली आणि पुढची सगळी वर्षं ती भांडणावरच टिकली. हिवरवाडीच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. एका सकाळी दारात एक उंच, काटक बाई येऊन उभी राहिली. काखेत कोकरू, हाताला सात वर्षांची पोरगी. पोरीला आत ढकलून ती म्हणाली, "ही घ्या. हिला शिकवा. आन् दुपारची सोडू नका. दुपारची घरी आली का हिला मेंढरामागं धाडत्यात."

"कोण धाडतं?" मी विचारलं.

"घरातली. मी बी धाडती. म्हनून तर सांगतीया."

मी म्हटलं, शाळा सुटायची वेळ ठरलेली असते, ती काय तुमच्या सोयीनं बदलू? त्यावर ती म्हणाली, "कोंडवाड्यात बी धनी येईपातूर जनावर ठिवून घेत्यात. तुमची शाळा त्याच्यापरीस गेली व्हय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चालू पडली. मला असा संताप आला! पण पोरीला मी दिवस मावळेपर्यंत ठेवून घेतली. तिचं नाव हरणाबाई. घरात आणि शाळेत सगळे तिला हरणी म्हणायचे.

मी औंधची. यमाईच्या डोंगराखाली वाढलेली, यजमान फौजेत. सांगलीच्या पूर्वेला त्या उघड्या माळावर बदली झाली तेव्हा आईनं डोळ्याला पदर लावला होता. बहात्तरच्या दुष्काळानं त्या भागाची पार साल काढून ठेवली होती. वाडी सगळी धनगरांची. पूर्वी नुसती मेंढरं, आता थोडी ज्वारी, थोडी मटकी आणि उरलेली मेंढरं. भामाबाईचा नवरा अर्जुना माधवनगरच्या कापडगिरणीत कामाला होता. सणासुदीला यायचा. घर चालायचं ते थोरले दीर नानासो यांच्या शब्दावर. वाडीतल्या बिरोबाची पूजा त्यांच्याकडं होती आणि घरच्या देव्हाऱ्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. थोरला दीर धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही, म्हणून नानासो भिंतीकडं बघून बोलायचे. भामाबाई डोक्यावरचा पदर तसूभर ढळू न देता त्यांच्याकडं बघून बोलायची.

दुष्काळी कामावर एकदा मुकादमानं तिची खडी नीट मोजली नाही, तर ही बया ढिगावर चढून बसली आणि दुसरं मोजमाप होईपर्यंत उतरली नाही. उन्हात तशीच बसून राहिली. मुकादम शेवटी छत्री घेऊन आला, तर म्हणाली, "छत्री तुला ठिव, मला टेप दाव." वाडीत ही गोष्ट अजून सांगतात.

दुसऱ्या वर्षी मला साताऱ्याला बुलबुलच्या शिबिराला पाठवलं. स्काउट-गाईडमधल्या सगळ्यांत लहान मुलींना बुलबुल म्हणतात. मी तिथून गळ्यात स्कार्फ, खिशात शिट्टी आणि हातात नियमांचं पुस्तक घेऊन परत आले. पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं आमचा माळ स्वप्नातही पाहिला नसावा. पहिला बिल्ला मिळवायचा तर मुलीला बुटाची नाडी बांधता यायला हवी. वाडीत बूट एकच जोड, माझे कॅनव्हासचे. रस्ता ओलांडता यायला हवा. आमच्या रस्त्यावरून दिवसाकाठी एक एसटी जायची, तीही जमलं तर. घड्याळ बघता यायला हवं. शाळेचं घड्याळ माझ्या आधीच्या मास्तरांच्या काळात बंद पडलेलं.

मी ठरवलं, एकही चाचणी गाळायची नाही. शिबिरात एकजण म्हणाली होती, "तिकडच्या मुलींना थोडं सोपं करून घ्या हो." ते माझ्या डोक्यात गेलं होतं. सोपं कशाला? आमच्या पोरींना काय अर्धी डोकी दिली आहेत? मग सगळ्या पोरी माझ्या बुटाभोवती गोल करून बसायच्या आणि पाळीपाळीनं नाडी बांधायच्या. बूट बिचारा दमून गेला. पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. रस्त्याला जाऊन उभ्या राहायचो. उजवीकडं बघा, डावीकडं बघा, पुन्हा उजवीकडं. तिन्हीकडं माळच. एकदा खरंच एसटी आली, तर पोरी रस्ता ओलांडायचं विसरून टाळ्या पिटत राहिल्या आणि मी सगळ्यांना नापास केलं.

शिवाय रोज एक चांगलं काम करायचं आणि दुसऱ्या दिवशी ते सांगायचं. हरणीनं एकदा सांगितलं, "बाई, मी नानाकाकांची चंची लपवली. त्येंचं तंबाकू खानं कमी व्हावं म्हनून." त्या दिवशी नानासो शाळेच्या दारात येऊन गेले होते, ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं.

खरी पंचाईत झाली ती डाव्या हाताची. बुलबुल एकमेकींना भेटतात तेव्हा डावा हात मिळवतात, तशी पद्धतच आहे. हरणीनं ते मनावर घेतलं आणि पंगतीला आलेल्या पाहुण्यांच्या देखत नानासोंपुढं डावा हात केला. घरात गहजब झाला. नानासो भिंतीला म्हणाले, "डावा हात म्होरं करती कार्टी! ह्ये शिकवत्यात शाळंत?"

भामाबाई म्हणाली, "आवं भावजी, लोकर कातरताना दोनी हात लागत्यात. तवा डावा कुठला आन् उजवा कुठला, कुनी इचारलंय व्हय?"

पाहुण्यांतला एक म्हातारा फसकन हसला. नानासो जेवणावरून उठले. हे हरणीनंच मला सांगितलं, तेही आजचं चांगलं काम म्हणून!

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर माझ्या पोरी पहिल्या बिल्ल्याला तयार झाल्या. हरणी सगळ्यांत पक्की. शाळेच्या अंगणात मधोमध बुलबुलचं झाड म्हणून हिवराची फांदी रोवली. आयांना मुद्दाम बोलावलं. एकेक पोर पुढं आली, तीन बोटं वर धरून तिनं देवाचं आणि देशाचं काम मनापासून करीन असं वचन दिलं. मी प्रत्येकीच्या छातीवर पितळी बिल्ला लावला. त्यावर उडता पक्षी उठवलेला. मग सलाम, मग डावा हात. हरणीची पाळी आली तेव्हा भामाबाई उभी राहिली. बाकीच्या बसा, बसा म्हणत होत्या, ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बिल्ले लावून आल्या. हरणीची छाती मोकळी.

"बिल्ला कुठाय गं?"

"आयनं देवात ठिवलाय."

मला वाटलं, जपून ठेवायचा म्हणून ठेवला असेल. संध्याकाळी घरी गेले. देव्हाऱ्यात टाक मांडले होते. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव. बिरोबा, मायाक्का, खंडोबा. घरातला कर्ता पुरुष गेला की त्याच्या नावानंही टाक करतात, तसे आज्याचे-पणज्याचे टाक होते. आणि त्यांच्या रांगेत, हळदीच्या भंडाऱ्यानं पिवळा झालेला, माझा बिल्ला.

मी कपाळाला हात लावला. "भामाबाई, हा देव नाही हो. हा गणवेशावर लावायचा असतो."

ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मलाच काही कळत नाही. "देवाच्या नावानं वचन घेतलं का न्हाई तुमी?"

"घेतलं."

"मंग पत्रा दिला. पत्र्यावर पाखरू उठवल्यालं. दिला तो दिला, वर सलाम केला. जितं मानूस पितळंच्या तुकड्याला कशाला सलाम करंल? टाक न्हाई तर काय ह्यो?"

तिला खरंच तसं वाटलं होतं, याबद्दल मला शंका नाही. तिच्या घरात धातूवर चित्र उठवतात ते पुजायलाच. मी बसून सगळं समजावलं. शाळा, पथक, बिल्ला, सलाम कशाला करतात ते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मी थांबले तेव्हा म्हणाली, "बरं. चूक झाली. पर आता बसवलाय. बसवल्याला देव उठवत न्हाईत."

तेवढ्यात नानासो आत आले. त्यांनी भिंतीला सांगितलं, "मेल्याबिगर टाक हुत न्हाई. जित्या पोरीचा पत्रा देवात ठिवला. तिला मारायची हाय काय? काढा म्हनावं त्यो भायेर."

खरं सांगायचं तर मला त्यांचं म्हणणं पटलं. भामाबाईनं पदर पुढं ओढला आणि त्यांच्याकडं वळून विचारलं, "मेल्यावर तरी बाईचा टाक ह्या घरानं कवा केलाय, भावजी? तुमची आय. म्हातारीनं जलमभर मेंढरं राखली, तुमाला वाडवलं, तुमच्या पोरास्नी वाडवलं. कुठं हाय तिचा टाक? दावा मला. दावा, मंग ह्यो काढती."

नानासो भिंतीकडं बघत राहिले. भिंतीनंही उत्तर दिलं नाही. बिल्ला जागेवरच राहिला.

हे सगळं एवढ्यावर निभावलं असतं. पण जानेवारीत सांगलीला जिल्ह्याचा मेळावा ठरला. तिथं पुढच्या बिल्ल्याची चाचणी व्हायची होती, पट्टी बांधणं, चहा करणं असल्या कामांची. त्या बिल्ल्यावर रुपेरी पंख असतात. नियम असा की पहिला बिल्ला छातीवर असेल तिलाच चाचणीला उभं करायचं. हरणी त्या पंखांसाठी वेडी झाली होती. कोकराच्या पायाला रोज पट्टी बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. कोकरू लंगडं नसून लंगडायला लागलं. तीन दगडांवर चहा करायची आणि सगळ्या वाडीला पाजायची. पहिल्या बिल्ल्याशिवाय हे सगळं पाण्यात जाणार होतं.

मी पुन्हा भामाबाईकडं गेले. विनवलं, रागावले, ओरडलेसुद्धा. ती दळण दळत होती, जातं थांबलं नाही. नानासो ओट्यावरून म्हणाले, "बाई म्हंत्यात ते बराबर हाय. देऊन टाका म्हनावं शाळंला. पीडा टळंल." मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले आहे हे माझ्या ध्यानात आलं आणि मला स्वतःचाच राग आला.

शेवटी मी म्हटलं, "बरं, मी दुसरा बिल्ला मागवते. हा राहू दे देवात."

जातं थांबलं. "दुसरा कशापायी? तिनं वचन दोनदा दिलंय व्हय?"

मी हरणीकडं पाहिलं. वाटलं, पोर तरी मान डोलवेल. हरणी म्हणाली, "त्यो माझा न्हाई हुनार, बाई. माझा ह्यो हाय." तिचे डोळे भरले होते, पण मायलेकींची हनुवटी एकाच तऱ्हेनं पुढं आली होती. मी हात टेकले आणि घरी आले.

तोड काढली ती हरणीनंच. चार दिवसांनी शाळेत येऊन म्हणाली, "बाई, आमचा देव आरेवाडीच्या बिरोबाच्या भेटीला जातूया. टोपलीत बसून. तवा उठवल्याला चालतूया. मंग सांगलीला भेटीला गेला तर?"

"आई काय म्हणाली?"

"आय म्हनली, व्हय की. पर एकटा कसा जाईल? देव जाताना सगळं जात्यात."

सगळे म्हणजे सगळे. बिरोबा, मायाक्का, आजे, पणजे. नानासो तेव्हा मेंढरं घेऊन कराडकडं गेले होते. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला ते दरवर्षी जायचे. त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता, आणि ते असते तरी भामाबाईनं विचारलं असतं असं नाही. मी तिला म्हटलं, देवाची टोपली घरातला पुरुष डोक्यावर घेतो ना? ती म्हणाली, "पुरुस हाय कुठं घरात? एक गिरनीत, एक मेंढरांत. देवानं काय त्येंची वाट बघत बसायचं?"

एसटीच्या कंडक्टरनं टोपली टपावर टाका असं सांगितलं. भामाबाईनं विचारलं, "तुमच्या बाला टपावर बसवता काय?" माझ्या पोरी खुसखुसल्या. कंडक्टरनं टोपलीत डोकावून पाहिलं, गपकन हात जोडले आणि पुढची जागा रिकामी करून दिली. वाटेत चढणारा माणूस आधी टोपलीला डोकं टेकवायचा, मग बसायला जागा शोधायचा.

रात्रीला आम्ही सगळ्या माधवनगरला अर्जुनाच्या चाळीत उतरलो. सकाळी भामाबाईनं कृष्णेच्या घाटावर देवांना आंघोळ घातली. चिंचेनं सगळे टाक लखलखीत घासले आणि त्यांच्या बरोबरीनं बिल्लाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात तिनं मूठभर भंडारा घेऊन सगळ्यांना माखला आणि बिल्ला पुन्हा पिवळा झाला.

मेळाव्याच्या मैदानावर शाळाशाळांच्या रांगा लागल्या होत्या. पांढरे मोजे, इस्त्रीचे झगे. आमच्या पोरींच्या पायांत माळावरची धूळ होती. परीक्षक होत्या चंद्राबाई, शहरातल्या जुन्या मुख्याध्यापिका. पांढरं पातळ, चष्मा, हातात छोटी काठी. त्या पहिल्या रांगेपाशी होत्या आणि एकदम ढोलाचा आवाज आला. अर्जुना आणि गिरणीतले आमच्याकडचे चौघे गडी ढोल वाजवत फाटकातून आत येत होते. मध्ये डोक्यावर टोपली घेऊन, ताठ मानेनं भामाबाई. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. हजेरी घेणारे थांबले, सगळी पोरं रांगा सोडून बघायला लागली.

भामाबाई आमच्या रांगेपाशी आली. टोपलीतून बिल्ला काढला, कपाळाला लावला आणि हरणीच्या छातीवर टोचला. तिच्या निळ्या झग्यावर भंडारा सांडला. मग ती मागं होऊन उभी राहिली आणि ढोल थांबला.

चंद्राबाई आल्या. "हे काय आहे? हळद? पुसून ये जा."

हरणीनं दोन्ही हातांनी बिल्ला झाकला. "न्हाई."

"बिल्ला स्वच्छ हवा, बाळ. तो चकचकीत नसेल तर मला तुला चाचणीला घेता येणार नाही."

"नका घिऊ," हरणी म्हणाली. दोन महिने कोकराला लंगडं करणारी पोर ही! माझ्याच्यानं राहवेना. मी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हटलं, "बाई, ही पोरगी एका बुटावर नाडी बांधायला शिकली. तिच्या घरात हा बिल्ला देवाच्या शेजारी बसतो. इथं जमलेल्यांत कुणाचा बिल्ला एवढा मानाचा आहे ते मला दाखवा."

चंद्राबाई शांतपणे म्हणाल्या, "असेल. पण मी सकाळपासून डाग पडलेले तीन बिल्ले परत पाठवलेत. त्या मुलींना मी काय सांगू?"

बाई चुकत नव्हत्या, आणि तेच जास्त झोंबत होतं.

भामाबाई पुढं आली. "भंडारा पुसत न्हाईत," ती म्हणाली. "भुईवर पडू देत न्हाईत. कापडाला फासत न्हाईत."

"मग काय करतात?" चंद्राबाईंनी विचारलं.

"लावत्यात."

तिनं अंगठा बिल्ल्यावरून सावकाश फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. खालचा पक्षी लखलखीत झाला. अंगठ्यावर भंडारा जमला. आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं तो चंद्राबाईंच्या कपाळावर, चष्म्याच्या वर, आडवा ओढला.

चंद्राबाईंचा हात वर गेला. शेकडो पोरं बघत होती, गिरणीतले गडी बघत होते. हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी मान किंचित खाली केली, देवळात करतात तशी, आणि म्हणाल्या, "झाला स्वच्छ. ये मुली, आधी पट्टी बांधून दाखव."

हरणीनं पट्टी बांधली. कपड्यांच्या घड्या घातल्या. निरोप तोंडपाठ करून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचवला. चहात तिनं गूळ जरा जास्तच टाकला. चंद्राबाईंनी तो चहा पूर्ण प्यायला आणि गूळ कमी वापरायला सांगितला. घड्याळाला ती अडखळली, कारण सांगलीतलं घड्याळ चालू होतं आणि तिला काटे स्थिर बघायची सवय होती. तरी तिनं सांगितलं ते बरोबर निघालं. दुपारी कपाळावर पिवळा पट्टा तसाच ठेवून चंद्राबाईंनी हरणीच्या झग्यावर रुपेरी पंख लावले आणि डावा हात पुढं केला. मी रडले. उगाच लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत पोरी गाणी म्हणत होत्या. मला मात्र वाडीची धास्ती होती. कंडक्टरच्या तोंडून आमची बातमी आमच्या आधी पोचणार हे ठरलेलं. तशी ती पार कराडपर्यंत पोचली होती. नानासो मेंढरं गड्यांवर सोडून आले होते आणि रिकामा देव्हारा बघून दारात उभे होते. त्यांच्या मागं अर्धी वाडी.

ते पहिल्यांदा भिंतीकडं न बघता बोलले. "कुनाला इचारून न्हेलं?"

"देवाला," भामाबाई म्हणाली. टोपली तिच्या डोक्यावर होती.

आता एक रिवाज सांगायला हवा. देव भेटीहून आला की घरातला वडीलधारा उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळतो आणि ज्याच्या डोक्यावर टोपली असेल त्याचे पाय धुतो, पायांवर डोकं ठेवतो. तोवर त्यानं उंबरा ओलांडायचा नाही आणि टोपली खाली ठेवायची नाही. एरवी टोपली नानासोंचा भाऊ किंवा मुलगा आणायचा. आज भावजय आली होती. तिच्या पायांना हात लावायचा, तोही सगळ्यांच्या देखत!

नानासो हलले नाहीत. भामाबाईही हलली नाही. ऊन कलतं होतं पण चटका होता. तिची मान ताठली होती, टोपलीची कड हळूहळू थरथरायला लागली. मी पुढं सरसावले तशी तिनं डोळ्यांनी मला थांबवलं. कुणीतरी बाई म्हणाली, "आवं नाना, देव भायेर ताटकळल्यात." नानासो आत गेले. मला वाटलं, दार लावणार. ते पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर आले, भामाबाईच्या पायांकडं पाहिलं, आणि पुन्हा थांबले. मग त्यांची नजर हरणीकडं गेली.

"पोरीच्या डोस्क्यावर दे टोपली," ते म्हणाले.

माझा संताप झाला. घरच्या लेकीचे पाय धुवायला कुणाला कमीपणा नसतो, लग्नात बापही धुतो. म्हाताऱ्यानं बरोबर पळवाट काढली होती. ज्या बाईनं सगळं केलं तिला बाजूला सारून! मला वाटलं, भामाबाई आता नाही म्हणणार, रात्रभर अशीच उभी राहणार.

ती हरणीला म्हणाली, "पेलंल का गं?"

"पेलंल."

तिनं टोपली उतरवून लेकीच्या डोक्यावर ठेवली. हरणीनं दोन्ही हातांनी धरली आणि मान ताठ केली. झग्यावर दोन बिल्ले, पितळी पाखरू आणि रुपेरी पंख. नानासोंनी तुकडा ओवाळून टाकला, खाली वाकून आधी तिचा उजवा पाय धुतला, मग डावा, आणि पांढरा फेटा तिच्या धुळीच्या पायांवर टेकवला. त्या घरात पोरीच्या डोक्यावरून देव आत गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. हरणी उंबरा ओलांडून गेली.

नानासो उठले, बाजूला झाले. भामाबाईला आत जायला वाट मोकळी होती. ती गेली नाही. मान चोळत तिथंच उभी राहिली आणि एक पाय किंचित पुढं केला.

"सांगलीपातूर कुनी न्हेला, भावजी?"

कुणी हसलं नाही. नानासोंनी तांब्यात पाहिलं. पाणी उरलं होतं. ते त्यांनी तिच्या पायांवर ओतलं, आणि मग ती आत गेली.